‘रेड’ म्हणजे काय? हार्ड डिस्क जोडण्याच्या पद्धतींची तोंडओळख



माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न झाले आणि त्यानंतर चार महिन्यांनी सहकाऱ्याचे वडील वारले. नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतानाचा आजोबांचा एक फोटो लग्नात काढलेला सर्वांना आठवत होता. अल्बम छापून घ्यायचा राहिला होता, म्हणून सहकारी फोटोग्राफरकडे गेला. फोटोग्राफर प्रामाणिक माणूस. सर्व लग्नांचे फोटो तो दोन हार्ड डिस्क असलेल्या एका पेटीवजा यंत्रात ठेवीत असे. एका डिस्कवर जे लिहिले जाई ते त्याच वेळी आपोआप दुसरीवरही लिहिले जाई. ‘एक डिस्क गेली तरी दुसरी आहे, काळजी करू नका,’ असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे.

त्या दिवशी दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. फोटो मात्र दोन्हींवर नव्हते. जागा रिकामी करताना मदतनीसाच्या हातून चुकीचे फोल्डर पुसले गेले होते, आणि एका डिस्कवरून पुसले तसे दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले गेले होते. पुढे त्याच जागेवर आणखी काही लग्नांचे फोटो भरले गेल्यामुळे पुसलेली माहिती परत काढून देणाऱ्या तज्ज्ञांनाही काही करता आले नाही. शेवटी पाहुण्यांच्या मोबाइलमधले दोन अस्पष्ट फोटो मिळाले, त्यावर समाधान मानावे लागले.

‘दोन डिस्क होत्या, तरी असे कसे झाले?’ हा माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते या लेखात मांडत आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे, संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. म्हणूनच हा विषय बेरीज-वजाबाकीच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. संगणकाचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेलाही उपयोगी पडावा.

१. हार्ड डिस्क का बिघडते?

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. चकतीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने माहिती लिहिलेली असते. ती लिहिणारे व वाचणारे टोक चकतीला न टेकता तिच्यापासून काही नॅनोमीटर एवढ्याच अंतरावरून फिरत असते. आपला केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. एवढ्या बारीक अंतरावर वर्षानुवर्षे अहोरात्र चालणारे यंत्र केव्हातरी बिघडणारच. धक्का, उष्णता, विजेचा चढ-उतार किंवा निव्वळ झीज, यांपैकी कोणतेही कारण पुरते.

अलीकडे चकत्या नसलेल्या एसएसडी आल्या आहेत. त्यांत फिरणारा भाग नाही, त्या वेगवानही आहेत. परंतु त्याही बिघडतात, आणि पुष्कळदा काही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतात. तेव्हा डिस्क कोणत्याही जातीची असो, ती एक दिवस जाणार हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

२. कल्पना कोठून आली?

आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि ते सर्व यंत्र मोठ्या कपाटाएवढे होते. तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलवर काढलेला एखाद-दुसरा फोटो तेवढी जागा घेतो. पुढील तीस वर्षे मोठ्या कार्यालयांत अशाच मोठ्या व महागड्या डिस्क वापरल्या जात. १९८० नंतर घरगुती संगणकांसाठी लहान व स्वस्त डिस्क तयार होऊ लागल्या.

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ हे तिघे संशोधक होते. एका मोठ्या महाग डिस्कऐवजी पुष्कळ लहान स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर काम वेगाने व कमी खर्चात होईल, असा विचार त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. त्या निबंधाच्या नावातील चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हे नाव आले. रिडंडंट म्हणजे गरजेपेक्षा जादा, अॅरे म्हणजे रांग, इनएक्स्पेन्सिव्ह म्हणजे स्वस्त, आणि शेवटी डिस्क. पुढे ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी ‘स्वतंत्र’ या अर्थाचा इंडिपेंडंट हा शब्द रूढ झाला. वर्तमानपत्रात वाचतो त्या पोलिसांच्या रेडशी या रेडचा काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या कल्पनेत एक अडचण होती आणि ती त्या तिघांनीच हिशेब करून दाखवली. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक चालते असे धरू. अशा १०० डिस्क एकत्र लावल्या तर त्यांपैकी कोणती तरी एक बिघडण्याचा सरासरी काळ ३०,००० भागिले १००, म्हणजे फक्त ३०० तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत! शंभर दिव्यांच्या माळेत एखादा दिवा लवकर जाणारच, त्यातलाच हा प्रकार. म्हणून नुसत्या डिस्क जोडून भागत नाही. एखादी डिस्क गेली तरी काम चालू राहील अशी जादा सोय त्या रांगेतच असली पाहिजे.

अर्थात जादा सोयीचा विचार त्याआधीही झाला होता. आयबीएममधील नॉर्मन केन औची यांना १९७८ साली, बिघडलेल्या साठवणीतील माहिती इतरांच्या साह्याने परत मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले होते. बर्कलेच्या निबंधाने अशा पद्धतींना क्रमांक दिले आणि त्यांची तुलना केली. मूळ निबंधात १ ते ५ अशा पाच पातळ्या होत्या. ० आणि ६ या नंतर आल्या. आज प्रत्यक्ष वापरात प्रामुख्याने ०, १, ५, ६ आणि १० या आहेत. त्या एकेक करून पाहू.

३. रेड ० : वाटणी

समजा, मोठ्या वहीतील नोंदी उतरवून काढायच्या आहेत. एकच कारकून बसला तर चार तास लागतील. चार कारकुनांना पाने वाटून दिली तर काम तासाभरात होईल. रेड ० मध्ये हेच होते. प्रत्येक फाइलचे छोटे छोटे तुकडे करून ते क्रमाने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डिस्कवर आणि पुन्हा पहिल्या डिस्कवर असे लिहिले जातात. वाचतानाही चारही डिस्क एकाच वेळी कामाला लागतात. त्यामुळे मोठ्या फाइलींच्या बाबतीत वेग जवळजवळ चौपट होऊ शकतो, आणि सर्व डिस्कची पूर्ण जागा वापरता येते.

परंतु येथे जादा सोय मुळीच नाही. एक डिस्क गेली की प्रत्येक मोठ्या फाइलीतील प्रत्येक चौथा तुकडा गेला, म्हणजे फाइलच निरुपयोगी झाली. एका डिस्कचा वर्षभरात बिघडण्याचा संभव शंभरात २ धरला, तर चार डिस्कच्या रेड ० मध्ये सर्वस्व जाण्याचा संभव शंभरात सुमारे ८ होतो. ‘० म्हणजे सुरक्षितता शून्य’ अशी खूणगाठ बांधावी. पुन्हा तयार करता येईल अशा तात्पुरत्या कामासाठीच ही पद्धत वापरावी.

४. रेड १ : आरसा

दोन डिस्क, आणि दोन्हींवर तंतोतंत तीच माहिती. पूर्वी पावती फाडताना मध्ये कार्बन पेपर घालीत, तसे हे आहे. वर लिहिले की खाली उमटलेच. एक डिस्क गेली तर दुसरीवर काम न थांबता चालू राहते. नवी डिस्क बसवली की यंत्र जुन्या डिस्कवरून तिच्यावर सर्व उतरवून घेते. वाचण्याचे काम दोघींत वाटता येते, लिहिणे मात्र दोन्हीकडे करावे लागते. पैसे दोन डिस्कचे आणि जागा एकीची, हा तिचा खर्च.

समजायला व सांभाळायला ही पद्धत सर्वांत सोपी आहे. आमचा फोटोग्राफर हीच वापरीत होता. वर चुकीचे लिहिले तर कार्बनखाली चुकीचेच उमटते, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती.

५. रेड ५ : ताळा

प्रत्येक डिस्कला जोडीदार देणे महाग पडते. त्यापेक्षा कमी जागेत तेच संरक्षण मिळेल काय? येथे आपल्या शाळेतील ताळा उपयोगी पडतो.

समजा तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर आपण त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क बिघडली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा. उत्तर ४. गेलेला आकडा परत मिळाला! तिन्ही आकड्यांची दुसरी प्रत ठेवावी लागली नाही, एक ताळा पुरला. संगणकाच्या भाषेत या ताळ्याला पॅरिटी म्हणतात.

संगणक ० आणि १ या दोनच अंकांत काम करतो, म्हणून त्याचा ताळा याहूनही सोपा असतो. उभ्या ओळीतील १ ची संख्या ताळ्यासह सम व्हावी, एवढाच नियम. उदाहरण पाहा :

पहिली डिस्क : १ ० १ १
दुसरी डिस्क : ० १ १ ०
तिसरी डिस्क : १ १ ० ०
ताळा : ० ० ० १

पहिल्या उभ्या ओळीत १ दोन वेळा आला आहे, संख्या समच आहे, म्हणून ताळा ०. चौथ्या ओळीत १ एकदाच आहे, म्हणून ताळा १ घालून संख्या सम केली. आता दुसरी डिस्क झाकून ठेवा आणि उरलेल्या तीन ओळींवरून ती पुन्हा लिहून पाहा. ० १ १ ० हेच उत्तर येईल. विद्यार्थ्यांनी हे एकदा स्वतः कागदावर करावे, म्हणजे पुन्हा पाठ करण्याची गरज राहणार नाही.

सगळा ताळा एकाच डिस्कवर ठेवला तर प्रत्येक बदलाच्या वेळी त्या एका डिस्कपुढे रांग लागते. ही रेड ४ पद्धत होय. रेड ५ मध्ये ताळा आळीपाळीने सर्व डिस्कवर पसरलेला असतो. या पद्धतीला कमीत कमी तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा ताळ्यासाठी जाते. कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते.

रेड ५ मध्ये वाचणे जलद होते, पण लहान लहान बदल लिहिणे संथ होते. खतावणीत एकच रक्कम बदलायची झाली तरी तळची बेरीजही दुरुस्त करावी लागते. जुनी रक्कम पाहा, जुनी बेरीज पाहा, नवी रक्कम लिहा, नवी बेरीज लिहा, अशा चार क्रिया डिस्कलाही एका बदलासाठी कराव्या लागतात. म्हणून जेथे दर क्षणाला असंख्य छोट्या नोंदी होतात तेथे रेड ५ मागे पडते.

शिवाय नवी रक्कम लिहून झाली आणि बेरीज लिहिण्यापूर्वी वीज गेली तर? ताळा चुकीचा राहतो. पुढे डिस्क बिघडल्यावर त्या चुकीच्या ताळ्यावरून चुकीचेच उत्तर निघते. यासाठी चांगल्या यंत्रांत बॅटरीची सोय असते, किंवा अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा अशा यंत्राला यूपीएस जोडणे ही चैन समजू नये.

६. रेड ६ : दुसरा ताळा

एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर एका बेरजेवरून दोन आकडे सापडत नाहीत. दहावीच्या बीजगणितातील दोन चलांतील रेषीय समीकरणे आठवा. दोन अज्ञात संख्या काढायला दोन समीकरणे लागतात. म्हणून रेड ६ मध्ये दोन वेगवेगळे ताळे ठेवतात.

वरचेच ७, ४, ९ घेऊ. पहिला ताळा साधी बेरीज, २०. दुसऱ्या ताळ्यासाठी पहिल्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने व तिसऱ्याला ३ ने गुणून बेरीज करू : ७ अधिक ८ अधिक २७, म्हणजे ४२. आता पहिल्या दोन्ही डिस्क गेल्या असे समजा. उरलेला ९ वापरून पहिल्या ताळ्यावरून दोन्ही आकड्यांची बेरीज ११ मिळते. दुसऱ्यावरून, पहिला आकडा अधिक दुसऱ्याची दुप्पट, १५ मिळते. वजाबाकी केली की दुसरा आकडा ४ आणि म्हणून पहिला ७. प्रत्यक्ष यंत्रातील गणित वेगळ्या प्रकारचे असते, पण तत्त्व हेच.

रेड ६ ला किमान चार डिस्क लागतात आणि दोन डिस्कइतकी जागा ताळ्यांत जाते. लिहिणे रेड ५ पेक्षाही संथ होते. त्याबदल्यात कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते.

७. रेड १० : आरसा आणि वाटणी

या पद्धतीचे नाव ‘दहा’ असे न वाचता ‘एक-शून्य’ असे वाचावे. आधी डिस्कच्या आरशासारख्या जोड्या करायच्या आणि मग त्या जोड्यांत काम वाटून द्यायचे. त्यामुळे वाटणीचा वेग आणि आरशाचे संरक्षण दोन्ही मिळते. ताळ्याचे गणित नसल्याने छोट्या नोंदीही पटापट लिहिल्या जातात. चार डिस्कपैकी एक गेली तर नक्की चालते. दोन गेल्या तर त्या वेगवेगळ्या जोड्यांतील असल्या तरच चालते. एकाच जोडीतील दोन्ही गेल्यास सर्व माहिती जाते. निम्मी जागा खर्च होते, तरी सतत व्यवहार चालणाऱ्या ठिकाणी ही पद्धत पसंत केली जाते.

८. एका दृष्टिक्षेपात

प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या असे धरू. म्हणजे विकत घेतलेली एकूण जागा १६ टेराबाइट.

रेड ० : वापरण्यास १६ टेराबाइट. एकही डिस्क गेलेली चालत नाही.
रेड ५ : वापरण्यास १२ टेराबाइट. कोणतीही एक गेलेली चालते.
रेड ६ : वापरण्यास ८ टेराबाइट. कोणत्याही दोन गेलेल्या चालतात.
रेड १० : वापरण्यास ८ टेराबाइट. एक नक्की, दोन नशिबाने.

रेड १ मध्ये अशा दोनच डिस्क घेतल्यास वापरण्यास ४ टेराबाइट मिळतात आणि एक गेलेली चालते. डिस्क लहान-मोठ्या असतील तर या पद्धतींत सामान्यतः सर्वांत लहान डिस्कच्या मापानेच हिशेब होतो, हेही लक्षात असू द्यावे.

ही जोडणी करण्यासाठी स्वतंत्र कार्ड मिळते. परंतु आता कार्डाशिवायही ती करता येते. लिनक्समध्ये तशी सोय आहे, विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ नावाने आहे, आणि सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली ‘झेडएफएस’ ही प्रणाली तर वाचलेली माहिती बरोबर आहे की नाही हेही तपासून पाहते.

९. खरी कसोटी : पुनर्बांधणीचा काळ

एक डिस्क गेली, काम चालू राहिले, म्हणून निश्चिंत होऊ नये. नवी डिस्क बसवून तिच्यावर सर्व माहिती पुन्हा तयार होईपर्यंत रेड ५ ला काहीही संरक्षण नसते. हा काळ किती? १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या सलग वेगाने भरत गेली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक लागतात. त्या वेळी इतर कामही चालू असेल तर काही दिवस लागू शकतात.

या काळात उरलेल्या सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्या डिस्क बहुधा त्याच दिवशी, त्याच दुकानातून, त्याच खोक्यातून घेतलेल्या असतात. त्यांचे वयही तेवढेच आणि झीजही तेवढीच. दुसरी डिस्क नेमकी याच वेळी दगा देण्याची भीती असते. घरगुती वापराच्या कित्येक डिस्कबाबत उत्पादक असे सांगतात की, १ वर १४ शून्ये एवढे अंक, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट वाचताना फार तर एक जागा वाचता न येण्यासारखी निघेल. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या चालतात. तरीही आपल्या उदाहरणातील रेड ५ च्या पुनर्बांधणीत उरलेल्या तीन डिस्कवरून १२ टेराबाइट वाचावे लागतात, हे पाहिले म्हणजे मोठ्या डिस्कसाठी जाणकार रेड ६ किंवा रेड १० का सुचवतात ते कळते.

याहून साधा धोका दुर्लक्षाचा. एक डिस्क गेल्यावरही काम चालूच राहते, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. लाल दिवा लागलेला असतो, पण यंत्र कोपऱ्यात कपाटामागे. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते आणि मग धावपळ होते. म्हणून सूचना मोबाइलवर किंवा ई-मेलवर येईल अशी सोय करावी, सर्व डिस्कची ठरावीक काळाने पूर्ण तपासणी लावावी आणि एक नवी डिस्क हाताशी ठेवावी.

१०. रेड म्हणजे बॅकअप नव्हे

आता सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. रेड एकाच प्रश्नाचे उत्तर देते : डिस्क बिघडली तर काम कसे चालू ठेवायचे? माणूस चुकला, विषाणू आला, चोरी झाली किंवा आग लागली तर काय, हे प्रश्न तिला विचारलेलेच नाहीत. ‘पुसा’ ही आज्ञाही तिच्या दृष्टीने ‘लिहा’ सारखीच. ती सर्व डिस्कवर इमानाने पाळली जाते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणी मागणारा विषाणू जगभर पसरला. तो फाइलींना कुलूप घालीत असे. अशा वेळी आरशातील फाइलींनाही कुलूपच लागते.

मोठ्या कंपन्यांनाही हे भोगावे लागले आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम साठवून देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. बॅकअपच्या अनेक सोयी केलेल्या होत्या, परंतु ऐनवेळी बहुतेक उपयोगी पडल्या नाहीत. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिने तारले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. तसेच १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-केंद्राची एक इमारत आगीत नष्ट झाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. आणि २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यात ज्यांनी अनुभवला, त्यांना तळमजल्यावरच्या दफ्तराचे पुरात काय होते हे वेगळे सांगायला नको.

यावरचा उपाय जुनाच आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो ‘तीन-दोन-एक’ या नियमाने लोकप्रिय केला. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा. त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. यात रेडची पूर्ण पेटी एक प्रत म्हणूनच मोजावी, मग तिच्यात दोन डिस्क असोत की आठ.

आमचे निवृत्त सहकारी सांगत की, बँकेत कागदी खतावण्या होत्या तेव्हाही महत्त्वाच्या नोंदींची नक्कल दुसरीकडे पाठवली जाई. एकाच कपाटात दोन वह्या ठेवून कोणी निर्धास्त होत नसे. साधने बदलली, ती सावधगिरी मात्र आजही तितकीच आवश्यक आहे.

११. आपण काय करावे?

घरी रेडची पेटी घेण्याची बहुतेकांना गरज नाही. जेवढे पैसे दुसऱ्या डिस्कच्या आरशावर खर्च व्हायचे, तेवढ्यात एक सुटी बाहेरची डिस्क येते. महिन्यातून एक दिवस ठरवून तिच्यावर फोटो, गुणपत्रिका, दाखले आणि घराची कागदपत्रे उतरवून घ्यावीत आणि मग ती संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली डिस्क विषाणूच्या तावडीत सापडते, काढून ठेवलेली सापडत नाही. आणखी एक प्रत गावी भावाकडे किंवा बहिणीकडे द्यावी, अथवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी.

ज्या कार्यालयाचे, दुकानाचे किंवा संस्थेचे काम एक दिवसही थांबून चालत नाही, तेथे रेड अवश्य असावी. दोन डिस्क असतील तर रेड १, अधिक असतील तर रेड ६ किंवा रेड १० चा विचार करावा, आणि तिच्या जोडीला स्वतंत्र बॅकअप ठेवावा. वर्षातून दोनदा तरी त्या बॅकअपवरून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्या भरवशावर राहू नये.

आमच्या त्या फोटोग्राफरने आता आपली पद्धत बदलली आहे. प्रत्येक लग्न झाल्यावर तो फोटोंची एक वेगळी डिस्क भरतो आणि ती घरी नेऊन ठेवतो. दोन डिस्कची पेटीही दुकानात आहेच, ती तिचे काम करते. माझ्या सहकाऱ्याला त्याने लग्नाचे पैसे परत देऊ केले. सहकाऱ्याने ते घेतले नाहीत. ‘पैसे घेऊन तो फोटो येणार आहे का?’ एवढेच तो म्हणाला.

परीक्षेत ‘रेड म्हणजे काय?’ असा प्रश्न आला तर विद्यार्थ्यांनी ०, १, ५, ६ आणि १० यांची माहिती अवश्य लिहावी. उत्तराच्या शेवटी ‘रेड ही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही’ हे वाक्य लिहायला विसरू नये. आणि हा लेख वाचून एखाद्या वाचकाने जरी या रविवारी घरातील फोटोंची एक प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवली, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.